फेअरफोनला हेडफोन जॅक नाही, मग जुने वायरवाले हेडफोन चालवायचे कसे?

फेअरफोन घेणारी मंडळी बहुतेक एकाच जातकुळीतली असतात, वस्तू टाकायची नाही, बिघडली तर दुरुस्त करायची, आणि यांच्या कुठल्यातरी खणात जुने पण मस्त आवाजाचे वायरवाले हेडफोन नीट गुंडाळून ठेवलेले असतातच. मी पण त्यातलीच. आणि नेमका याच फोनला ते हेडफोन लावायला जागा नाही! इथे नेदरलँड्समध्ये आणि शेजारी जर्मनीत आपली बरीच मंडळी हा फोन वापरतायत, काहीजण नवीन घेतला की जुना घरी आईबाबांना पाठवतात, आणि दरवेळी कोणीतरी विचारतंच की अगं कुठला अडॅप्टर घेऊ, घेतलेला चालत नाहीये, आवाज बारीक येतोय. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी थोडं मागचं, ज्यांना माहितीये त्यांनी सरळ पुढे जा. फेअरफोन ही ॲमस्टरडॅमची कंपनी, पहिला फोन २०१३ चा. टिन, टंगस्टन, सोनं, कोबाल्ट हे सगळं कुठल्या खाणीतून येतं, फोन जोडणाऱ्या कामगाराच्या हातात काय पडतं, हे बघून फोन बनवायचा आणि तो ग्राहकाला घरी स्क्रूड्रायव्हरने उघडता आला पाहिजे, असा त्यांचा सगळा मामला. २०१५ चा फेअरफोन २, २०१९ चा फेअरफोन ३, दोन्हीला ३.५ एमएमचा जॅक होता. मग सप्टेंबर २०२१ मध्ये फेअरफोन ४ आला आणि जॅक गायब. वर त्याच वेळी कंपनीने स्वतःचे वायरलेस इअरबड्स बाजारात आणले ज्यांची बॅटरी बदलता येत नव्हती. आता यांचं गिऱ्हाईक कोण, तर "बॅटरी बदलता आली पाहिजे" म्हणून जादा पैसे मोजणारं! लोक भडकले आणि बरोबरच भडकले. त्यानंतरच्या फेअरफोन ५ ला (२०२३) आणि सहाव्या पिढीच्या फोनलाही (२०२५) जॅक नाही, म्हणजे आता तो परत येईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

कंपनीचं म्हणणं असं की फोन पातळ करायचा होता आणि पाण्या-धुळीपासून बचावाचं आयपी५४ रेटिंग हवं होतं. मला हे अर्धंच पटतं. जागा लागते हे खरं, पण पाण्याचं कारण देऊ नका, सॅमसंगच्या एस१० ला जॅक पण होता आणि त्याहून वरचं आयपी६८ रेटिंग पण, सोनीच्या एक्सपीरियावाल्यांनी तर अजून दोन्ही ठेवलंय. ॲपलने २०१६ ला आयफोन ७ मधून जॅक काढला तेव्हा आपण सगळे हसलो होतो, पण त्यांनी कधी "फोन आठ वर्ष वापरा" असं म्हटलं नव्हतं ना. असो. राग काढून झाला की कामाला लागू.

सगळ्यात आधी, नवीन हेडफोन घेऊ नका. तुमच्याकडे आहेत ते चांगले असतील तर एक छोटा यूएसबी-सी टू ३.५ एमएम अडॅप्टर पुरतो, दहा-पंधरा युरोत काम होतं. पण बहुतेकजण अडकतात ते इथेच, कारण बाहेरून अगदी सारखे दिसणारे अडॅप्टर आतून दोन वेगळ्या प्रकारचे असतात. एक प्रकार म्हणजे नुसती वायर. फोनच्या आतली चिप आवाजाचा ॲनालॉग सिग्नल बनवते आणि तो यूएसबी-सी पोर्टच्या काही पिनांमधून बाहेर सोडते, अडॅप्टर फक्त तो हेडफोनपर्यंत पोचवतो. हे तेव्हाच चालतं जेव्हा फोनच्या पोर्टमध्ये ती सोय दिलेली असते, आणि खूप फोनमध्ये ती दिलेलीच नसते. दुसरा प्रकार म्हणजे ज्याच्या आत स्वतःचा डॅक असतो, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिमुकली चिप त्या अडॅप्टरच्या पिनेतच बसवलेली असते. फोन त्याला नुसता डेटा आणि थोडी वीज देतो, बाकी काम तो करतो. तुम्हाला हा दुसरा हवा. फेअरफोनलाच काय, जवळपास कुठल्याही आजच्या अँड्रॉइडला, लॅपटॉपला, टॅबलेटला हा चालतो, त्यामुळे उद्या फोन बदलला तरी फुकट जात नाही. पाकिटावर "डॅक" किंवा २४ बिट / ९६ किलोहर्ट्झ असं काही लिहिलेलं असेल तर तो हाच. "पॅसिव्ह" किंवा "ॲनालॉग" लिहिलं असेल किंवा काहीच न लिहिता नुसता दोन युरोला मिळत असेल तर तिथेच ठेवा. फेअरफोनच्या साइटवर त्यांचा स्वतःचा अडॅप्टर पण मिळतो, शोधाशोध करायची नसेल तर तो घ्या आणि विषय संपवा.

घरात आधीच एखादा बेवारस अडॅप्टर पडलेला असेल आणि तो कुठल्या प्रकारचा ते कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टला लावा आणि साउंड सेटिंगमध्ये आउटपुटची यादी उघडा. यादीत नवीन नाव दिसलं (यूएसबी ऑडिओ वगैरे काहीतरी) तर त्यात डॅक आहे. काहीच हललं नाही तर ती नुसती वायर, तिच्याकडून फोनवर अपेक्षा ठेवू नका. खराब झालाय म्हणून फेकून देऊ पण नका, ज्याच्या फोनला ती सोय आहे त्याला उपयोगी पडतो, ऑफिसात विचारा.

आता हेडफोनची पिन हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या रिंगा मोजा. दोन रिंगा असतील तर फक्त ऐकायचे हेडफोन, डावा-उजवा आणि अर्थिंग. तीन रिंगा असतील तर माइक पण आहे. माइकवाले घेऊन कॉल करायचे असतील तर अडॅप्टर माइक सपोर्ट करतो का ते घ्यायच्या आधी बघा, कारण डॅक असून माइकची सोय नसलेले अडॅप्टर पण मिळतात आणि मग समोरच्याला तुमचा आवाज फोनच्या बुडातल्या माइकमधून, खिशातून आल्यासारखा जातो. फारच जुना हेडसेट असेल, जुन्या काही नोकियांबरोबर यायचा तसा, तर त्यात माइक आणि अर्थिंग यांची जागा उलटी असते. गाणं लांबून ऐकू येतं, गायकाचा आवाज दबतो, आणि वायरीवरचं बटण दाबून धरलं की एकदम व्यवस्थित! असं झालं तर अडॅप्टरला शिव्या घालू नका, जागा उलटी करून देणारा वेगळा छोटा जोड मिळतो तो लावा. आणि व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी एक, कॅमेऱ्याचा कॉलर माइक, दोन रिंगांचा, थेट या अडॅप्टरला लावून चालत नाही, त्याला पण मधला एक जोड लागतो.

लावलं, आता सेटिंग. फेअरफोनवर खरंतर काही करावं लागत नाही, लावला की चालू. तरी आवाज स्पीकरमधूनच येत राहिला तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जा (सेटिंग, अबाउट फोन, बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक) आणि तिथे "डिसेबल यूएसबी ऑडिओ राउटिंग" नावाचं बटण चुकून चालू झालंय का बघा, ते बंद पाहिजे. ओप्पो, रिअलमी, वनप्लस वापरणाऱ्यांना वेगळीच गंमत, तिथे सेटिंगमध्ये ओटीजी (बाहेरची यूएसबी वस्तू फोनला लावायची सोय) चालू करावं लागतं आणि थोडा वेळ काही लावलं नाही तर ते आपोआप बंद होतं, त्यामुळे "काल चालत होता आज चालत नाही" हे ऐकलं की मी पहिलं ओटीजी विचारते.

आवाज बारीक येण्याबद्दल. अडॅप्टर लावल्यावर अँड्रॉइड आवाजाची वेगळी पातळी धरतो, म्हणजे स्पीकरचा फुल ठेवला म्हणून हेडफोनचा फुल होत नाही, लावल्यानंतर पुन्हा वाढवायचा. त्यात युरोपात सुरक्षित आवाजाच्या नियमामुळे मध्येच "कानाला त्रास होईल" अशी पाटी येते, ती ओके करेपर्यंत पुढे जाऊ देत नाही. ॲपलचा अडॅप्टर स्वस्त आणि मस्त आहे असं सगळीकडे वाचाल, खरंय, पण बऱ्याच अँड्रॉइडवर त्याचा आवाज कमीच येतो ही त्याची सगळ्यांना माहीत असलेली खोड आहे, फोन आणि त्याचं व्हॉल्यूमवरून जमत नाही. साध्या इअरफोनला तरी ठीक आहे. स्टुडिओवाले २५० ओमचे (हा आकडा मोठा तेवढी ताकद जास्त लागते) मोठे हेडफोन असतील तर मात्र कुठलाच चिमुकला अडॅप्टर पुरणार नाही, त्यांना थोडा ताकदवान डॅक लागतो आणि तो बॅटरी पण तशीच खातो. हेडफोनच्या खोक्यावर ओम किती ते बघा, ३२ च्या आसपास असेल तर चिंता नाही.

सगळ्यात वैताग येतो तो चार्जिंगचा. एकच पोर्ट, त्यात हेडफोन लावले की चार्जर कुठे लावायचा? बाकीच्या फोनवाले म्हणतील वायरलेस चार्जिंग पॅडवर ठेव, पण फेअरफोनला वायरलेस चार्जिंगच नाही, ४ ला नाही, ५ ला नाही आणि सहाव्या पिढीलाही नाही. त्यामुळे एका बाजूला चार्जिंग आणि दुसऱ्या बाजूला जॅक असलेला दुतोंडी अडॅप्टर घ्यावा लागतो. त्यातही तोच घोळ, दुतोंडींमध्ये पॅसिव्ह माल खूप आहे, तेव्हा डॅक आणि "पीडी" म्हणजे पॉवर डिलिव्हरी असे दोन्ही शब्द दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. काही दुतोंडींमध्ये चार्जर लावला की गाण्यामागे बारीक सूंऽऽ आवाज येतो, तो चार्जरचा, चार्जर बदलून बघा नाहीतर पॉवरबँक लावा. मला विचाराल तर मी हा प्रकार ठेवलाच नाही. फेअरफोन ४ आणि ५ ची बॅटरी मागचं कव्हर नखाने काढून बदलता येते, जास्तीची एक बॅटरी बॅगेत टाकली की लांबच्या ट्रेनप्रवासात हेडफोन न काढता... म्हणजे फोन बंद करावा लागतो, पण मिनिटभराचं काम. या फोनची ही खरी चैन आहे आणि लोक ती वापरत नाहीत!

आता पोर्ट सांभाळायचं कसं, हे जरा नीट वाचा, कारण जॅक गेल्यामुळे सगळा भार एका पोर्टवर आलाय. चार्जर तिथेच, हेडफोन तिथेच, पेनड्राइव्ह तिथेच. यूएसबी-सीची जोडणी साधारण १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेली असते, म्हणजे सरळ लावण्याने ती मरत नाही, मरते ती आडव्या झटक्याने. म्हणून फोन खिशात उलटा ठेवा, पोर्ट वर आणि डोकं खाली. पोर्ट खाली ठेवून बसलात की अडॅप्टरच्या मानेवर सगळा जोर येतो, आधी एका कानातला आवाज जायला लागतो आणि मग वायर हलवली की खर्रखर्र. अडॅप्टर कायम हेडफोनच्या पिनेलाच लावून ठेवा, फोनला नाही, म्हणजे हरवत पण नाही. मानेजवळ हीटश्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी घालून लायटरने हलकेच गरम केली तर आयुष्य बरंच वाढतं, हीटश्रिंक नसेल तर जाड इन्सुलेशन टेपचे दोन वेढे.

पिन पूर्ण बसत नसेल, किंवा सारखं "यूएसबी डिव्हाइस कनेक्टेड, डिस्कनेक्टेड" चालू असेल, तर बहुतेक वेळा पोर्टमध्ये खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करा, बॅटरी काढता येत असेल तर काढा, लाकडी टूथपिक थोडी चपटी करून पोर्टच्या कडेकडेने फिरवा, मधल्या पट्टीला धक्का लावायचा नाही. टाचणी, सेफ्टीपिन, हेअरपिन बिलकुल नको, त्या मधल्या पट्टीवरच सगळे संपर्कबिंदू असतात. जे काही निघतं ते बघून तुम्हाला घाण वाटेल, नमद्यासारखा करड्या धाग्यांचा दाबलेला तुकडा असतो. एवढं करूनही पोर्ट सैलच राहिलं तर इथे तुमच्या फोनचा पैसा वसूल. पोर्ट हे वेगळं मॉड्यूल आहे, कंपनीच्या साइटवर सुटं मिळतं, एका छोट्या स्क्रूड्रायव्हरने घरी बदलता येतं आणि कसं करायचं त्याच्या चित्रांसकट सूचना आयफिक्सिट या दुरुस्तीच्या साइटवर आहेत. दुसऱ्या एखाद्या फोनचं पोर्ट गेलं की दुकानदार गोंद तापवून पाठ उघडतो. जॅक काढला त्यांनी, मान्य, पण पोर्ट गेलं म्हणून फोन जात नाही एवढं तरी ठेवलंय. फेअरफोन २ मध्ये तर जॅक सेल्फी कॅमेऱ्याच्याच मॉड्यूलमध्ये होता, जॅक गेला की तेवढं एक मॉड्यूल बदला, झालं. किती सरळ होतं!

"एवढं सगळं करण्यापेक्षा ब्लूटूथ घे ना" असं म्हणणारे असतातच, तर त्याबद्दल. नुसती गाणी, पॉडकास्ट, बातम्या ऐकायच्या असतील तर ब्लूटूथ चांगलं आहे, माझा त्याला विरोध नाही. पण दोन ठिकाणी ते दगा देतं. एक म्हणजे उशीर. आवाज पॅक करून, पाठवून, परत उघडून कानात यायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात, व्हिडिओ बघताना ॲप ते सांभाळून घेतं पण तुम्ही स्वतः काही वाजवत किंवा गात असाल तर नाही. मी पुण्यातल्या आमच्या बाईंकडे ऑनलाइन गाणं शिकते. रियाजाला तानपुऱ्याचं ॲप ब्लूटूथवर चालतं, तानपुऱ्याला काय घाई, पण तबल्याचा ठेका लावून स्वतःचा आवाज मॉनिटर करायला गेलं की सम कुठे आणि मी कुठे. दुसरी गोष्ट जास्त लोकांच्या अनुभवाची पण कारण माहीत नसतं. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की फोन नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जातो, आणि आवाज एकदम मोनो, चेपलेला, जुन्या लँडलाइनसारखा होतो. क्लासमध्ये बाई मींड घेऊन दाखवतात आणि आपल्याला ती अशी ऐकू येते की कोमल ऋषभ कुठला आणि काय. वायरला हे दोन्ही त्रास नाहीत. ज्यांचा ऑनलाइन क्लास आहे, गाण्याचा असो की पेटीचा, त्यांनी वायर सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

तरी वायरलेस हवंच असेल तर निदान बॅटरी बदलता येईल असं घ्या. छोट्या इअरबड्समधली लिथियमची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमायला लागते आणि बहुतेक कंपन्यांच्या बड्समध्ये ती चिकटवून टाकलेली असते, म्हणजे बॅटरी गेली की सगळंच कचऱ्यात. फेअरफोनने लोकांचं ऐकून का होईना २०२३ मध्ये फेअरबड्स एक्सएल हे मोठे सुट्या भागांचे हेडफोन काढले आणि २०२४ मध्ये फेअरबड्स, ज्यात दोन्ही बड्सच्या आणि डबीच्याही बॅटऱ्या घरी बदलता येतात. आधीच्या चुकीची भरपाई म्हणा. नाहीतर अजून एक मधला मार्ग आहे जो मला फार आवडतो, काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, त्याला ३.५ एमएमचा जॅक असतो, तो कॉलरला अडकवायचा आणि आपले जुनेच हेडफोन त्याला लावायचे. पोर्ट चार्जिंगला मोकळं. आवाजातला उशीर तसाच राहतो पण हेडफोन तरी वाचतात.

भारतात फोन पाठवणाऱ्यांसाठी थोडं. फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकत नाहीत, म्हणजे सुटे भाग तिथे मिळणार नाहीत, तेव्हा फोनबरोबर एक पोर्ट मॉड्यूल, एक बॅटरी आणि दोन अडॅप्टर आत्ताच टाकून द्या. अडॅप्टर तिथेही मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, फक्त दुकानातच फोनला लावून गाणं वाजवून घ्यायचं, घरी येऊन नाही. एफएमचं मात्र आधीच सांगून ठेवा. फोनमधल्या रेडिओला हेडफोनची वायर हीच एरियल असते, जॅक गेला की बहुतेक फोनमध्ये तो रेडिओही गेला, आणि डॅकवाला अडॅप्टर लावून तो परत येत नाही कारण त्याच्यातून एरियलचा सिग्नल आत जातच नाही. २०२३ मध्ये भारत सरकारच्या आयटी मंत्रालयाने फोन कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवा असं कळवलं होतं, पण ते तिथे विकल्या जाणाऱ्या फोनबद्दल. बाबांना सकाळी आकाशवाणी लागत असेल तर प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप टाकून द्या, नेटवर चालतं, किंवा सरळ एक छोटा रेडिओ घ्या, त्यांना तोच जास्त आवडेल.

आणि फेअरफोन ३ अजून कोणाकडे पडून असेल तर विकू नका. जॅक आहे, मेमरी कार्डाची जागा आहे, बॅटरी निघते. सिम काढा, बँकेची ॲपं उडवा, कार्डावर गाणी भरा आणि तो फक्त म्युझिक प्लेयर म्हणून ठेवा. माझा तसाच चाललाय, क्लासची सगळी रेकॉर्डिंग त्याच्यावर आहेत.